नव्या पालवीचा काळ आणि आपला द्रव्यसंग्रह

द्रव्य उत्तम असेल तरच कल्प उत्तम होतो. आणि द्रव्य उत्तम असण्यासाठी ते योग्य भूमीतून, योग्य काळी व योग्य अवस्थेत घेतलेले असावे लागते, हा आयुर्वेदाचा मूलभूत सिद्धांत आहे. भूमिपरीक्षा, संग्रहकाल आणि द्रव्यरक्षण यांचे विवेचन आपण सर्वांनी पदवी अभ्यासक्रमात केलेले आहे. व्यवहारात मात्र बहुतेक औषधालयांमध्ये संग्रहकालाचे रूपांतर महिन्यांच्या यादीत झालेले दिसते. मुळे माघात, फुले फाल्गुनात, कोवळी पाने चैत्रात, साल आश्विनात अशी यादी व्यापाऱ्याकडे जाते आणि त्याप्रमाणे माल येतो.

ही पद्धत सोयीची आहे, यात शंका नाही. परंतु तिच्या मुळाशी एक गृहीतक आहे. अमुक महिन्यात वनस्पती अमुक अवस्थेत असणारच, हे ते गृहीतक होय. वनस्पतींना पालवी फुटण्याचा काळ जगाच्या अनेक भागांत सरकत असल्याच्या नोंदी आज उपलब्ध आहेत, आणि त्यामुळे हे गृहीतक पूर्वीइतके विश्वसनीय राहिलेले नाही. पालवी केव्हा फुटते हे कोण ठरवते, हवामानाचा त्यावर परिणाम कसा होतो, आणि वैद्य व औषधनिर्माते म्हणून आपण त्याची दखल कशी घ्यावी, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

डोळा कसा फुटतो?

वसंतात दिसणारी पालवी वसंतात तयार होत नाही. थंड प्रदेशातील वृक्षाच्या डहाळीवर जो डोळा असतो, त्यात पुढील वर्षीची पाने, आणि काही जातींत फुलेही, आदल्या उन्हाळ्यातच सूक्ष्मरूपाने तयार झालेली असतात. पुढे दिवस लहान होऊ लागले की वाढ थांबते, डोळ्यावर खवल्यांचे आवरण येते आणि तो निद्रित होतो.

या निद्रेचे दोन टप्पे आहेत. पहिल्या टप्प्यात अडसर डोळ्याच्या आतच असतो. अशी डहाळी तोडून उबदार खोलीत पाण्यात ठेवली तरी डोळा फुटत नाही. दुसऱ्या टप्प्यात डोळा आतून सिद्ध झालेला असतो, परंतु बाहेर थंडी असल्याने थांबलेला असतो. आता तीच डहाळी उबेत आणली तर काही दिवसांत पाने उलगडतात. पहिल्या टप्प्यातून दुसऱ्यात जाण्यासाठी थंडी लागते आणि दुसऱ्यातून बाहेर पडण्यासाठी ऊब लागते. हे एकदा ध्यानात घेतले की पुढील सर्व विवेचन सुगम होते.

थंडी नेमके काय करते, याचाही काही उलगडा झालेला आहे. बर्च व पॉप्लर या वृक्षांवरील अभ्यासांत असे आढळले की, निद्रित डोळ्यातील पेशींना परस्परांशी जोडणारे सूक्ष्म मार्ग कॅलोज नावाच्या द्रव्याने बुजलेले असतात. त्यामुळे वाढीचा संदेश आत पोहोचत नाही. दीर्घकाळ थंडी मिळाल्यावर विकरांच्या क्रियेने ही बुचे विरघळतात आणि मार्ग खुले होतात. वाढ रोखून धरणाऱ्या ॲब्सिसिक आम्लाचा प्रभाव ओसरतो व वाढ घडवणाऱ्या जिबरेलिनांचा प्रभाव वाढतो. यासाठी गोठवणारी थंडी लागत नाही. साधारणतः शून्य ते सात अंश सेल्सिअस या दरम्यानचे तापमान सर्वाधिक उपयुक्त ठरते. सफरचंदाच्या रूढ जातींना अशा तापमानाचे सुमारे हजार तास मिळावे लागतात.

उबेचा हिशेब वेगळा आहे. येथे एखादा उष्ण दिवस निर्णायक नसतो. दिवसामागून दिवस साठत गेलेली ऊब निर्णायक असते. पाच अंश हा पाया धरला, तर सरासरी बारा अंशांचा दिवस झाडाच्या खात्यात सात अंश जमा करतो. ही बेरीज त्या जातीच्या ठरावीक आकड्याला पोहोचली की डोळा फुटतो. फ्रेंच शास्त्रज्ञ रेओम्यूर याने तापमानाच्या बेरजेची ही कल्पना १७३५ साली मांडली. आजही तिच्याच आधारे अनुमाने केली जातात.

तिसरा घटक दिनमानाचा. तापमान वर्षागणिक बदलते, दिवसाची लांबी मात्र सूर्याच्या गतीने बांधलेली असते. बीचसारखे काही वृक्ष दिवस पुरेसा मोठा झाल्याखेरीज उबेला सहज प्रतिसाद देत नाहीत. माघात अवचित आलेल्या उबेने फसू नये, अशी ही निसर्गाची योजना आहे.

संचय-प्रकोपाच्या विचाराशी परिचित असलेल्या वैद्यांना ही क्रिया अपरिचित वाटणार नाही. हेमंत-शिशिरात संचित झालेला कफ वसंतात सूर्यसंतापाने विलीन होतो, असे आपण मानतो. शीतकाळात सिद्धता आणि उष्णकाळात प्रकटीकरण हा क्रम दोन्हीकडे आहे. अर्थात हे केवळ साम्य आहे, प्रमाण नव्हे.

उष्ण हवामानाचा दुहेरी परिणाम

हवा तापली की पालवी लवकर येणार, असा सरळ निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. वस्तुस्थिती तशी एकमार्गी नाही. वसंत उबदार झाला तर उबेची बेरीज लवकर पूर्ण होते आणि पालवी अलीकडे सरकते. परंतु शिशिरही उबदार झाला तर थंडीचा कोटा अपुरा राहतो, डोळ्याची निद्रा पुरती मोडत नाही, आणि पालवी उशिरा, विरळ व विषम येते. एकाच फांदीवरचे काही डोळे फुटतात, काही तसेच राहतात.

दोन्ही परिणामांच्या नोंदी आहेत. जपानमधील क्योटो येथे चेरीच्या बहराच्या नोंदी नवव्या शतकापासून मिळतात. २०२१ साली तेथे पूर्ण बहर २६ मार्चला आला. बाराशे वर्षांहून अधिक काळाच्या या नोंदींत तोपर्यंत इतका लवकरचा दिवस आढळत नव्हता. युरोपातील २१ देशांतील ५४२ वनस्पतींच्या नोंदी एकत्र करून २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, १९७१ ते २००० या काळात पालवी, बहर इत्यादी वसंतातील घटना दर दशकामागे सुमारे अडीच दिवसांनी अलीकडे आल्याचे दिसले. उलट, २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या, युरोपातील सात वृक्षजातींवरील अभ्यासात असे आढळले की, १९८० ते १९९४ या काळात एक अंश तापमानवाढीमागे पालवी सुमारे चार दिवस अलीकडे येत होती. १९९९ ते २०१३ या काळात हाच आकडा सुमारे २.३ दिवसांवर आला. अपुरी पडू लागलेली थंडी हे त्याचे एक संभाव्य कारण सांगितले गेले आहे.

लवकर फुटण्यात आणखी एक धोका असतो. डोळा बंद असताना कडाक्याची थंडी सहन करतो. उलगडलेले कोवळे पान मात्र एका रात्रीच्या हिमाने करपते. २०२१ च्या मार्चअखेरीस उबेने फुटलेल्या फ्रान्समधील द्राक्षवेली एप्रिलच्या आरंभी पडलेल्या हिमाने मोठ्या प्रमाणावर जळाल्या.

आपल्या दृष्टीने हिमालयातील नोंदी अधिक महत्त्वाच्या आहेत. अतिविष ही आपल्या नित्य वापरातील वनस्पती. वनस्पतिसंग्रहालयांत जतन केलेल्या जुन्या नमुन्यांवरील तारखांच्या आधारे अल्मोड्याजवळच्या गोविंद बल्लभ पंत हिमालय पर्यावरण संस्थेतील अभ्यासकांनी तिच्या फुलण्याचा काळ तपासला. शंभर वर्षांत तो सुमारे १७ ते २५ दिवसांनी अलीकडे आल्याचे त्यांना आढळले. हा अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. उत्तराखंडातील बुरांशाचा बहरही लवकर येत असल्याचे अभ्यास आहेत. अतिविष, कुटकी, जटामांसी यांसारख्या उंचावरच्या वनस्पतींत डोळा जमिनीखाली, कंदावर किंवा मूळकांडावर असतो. बर्फ वितळून माती उबली की तो जागा होतो. त्यापुढची पाने, फुले, बीज आणि शेवटी कंद पक्व होणे ही सारी साखळी त्या जागे होण्याशी बांधलेली असते. अतिविष आपल्याकडे पोत्यांतून येते. ते कोणत्या अवस्थेत खणले गेले, याची विचारणा करण्याची प्रथा मात्र आपल्यात फारशी नाही.

सह्याद्रीतील वसंत वेगळा

येथवरचे विवेचन थंड प्रदेशाचे झाले. ते जसेच्या तसे महाराष्ट्राला लागू करता येत नाही. आपल्याकडे पठारावर शून्य ते सात अंशांची दीर्घ थंडी नसते, आणि बहुसंख्य देशी वृक्षांना तिची आवश्यकताही नसते. हा भेद द्राक्षाच्या उदाहरणाने स्पष्ट होतो. द्राक्षवेल मूळची थंड हिवाळ्याच्या प्रदेशातील. नाशिक-सांगलीच्या बागायतदारांना एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमारास गोडी छाटणी करावी लागते. गोडी छाटणीनंतर काडीवरचे डोळे एकसारखे फुटावेत म्हणून त्यांना हायड्रोजन सायनामाइडचे द्रावण लावले जाते. ज्या डोळ्याला जागे करण्यास थंडी नाही, त्याला रसायनाने जागे करावे लागते. आपल्या द्राक्षासवातील मनुका बहुधा या मार्गाने आलेल्या असतात.

पळस, पांगारा, सावर, कुसुम, बेहडा, हिरडा यांचे तंत्र निराळे आहे. हे वृक्ष थंडीपासून नव्हे, तर शुष्कतेपासून बचाव करतात. पावसाळा संपून जमिनीतील ओल कमी होऊ लागली की जुनी पाने झडतात. पाने झडली की बाष्पाद्वारे होणारा पाण्याचा व्यय थांबतो. मग खोल गेलेल्या मुळांनी ओढलेले किंवा खोडात साठवलेले पाणी फांद्यांत पुन्हा भरते आणि डोळे फुगू लागतात. म्हणूनच ऐन चैत्र-वैशाखात, पावसाला महिना-दोन महिने अवकाश असताना, तापलेल्या डोंगरावर कुसुमाची तांबडी पालवी झळकते. आशियातील मोसमी अरण्यांचे हे वैशिष्ट्य वनस्पतिशास्त्रज्ञांनाही दीर्घकाळ कोड्यात टाकणारे ठरले. अशा काही जातींत दिवस मोठा होत जाणे हा फुटण्याचा संकेत असतो, असे आता मानले जाते. पुण्याच्या अक्षांशावर सर्वांत लहान दिवस सुमारे अकरा तासांचा आणि सर्वांत मोठा सुमारे सव्वातेरा तासांचा असतो. हा फरक थोडा खरा, परंतु उष्ण कटिबंधातील काही वृक्षांना अर्ध्या तासाहून कमी वाढही जाणवते.

याचा अर्थ असा की, आपल्याकडे पालवीचा काळ मुख्यतः तीन गोष्टींनी ठरतो. गेल्या पावसाळ्याने जमिनीत किती ओल ठेवली, शिशिर-वसंतातील उष्म्याने ती किती वेगाने आटली, आणि दिनमान. यांपैकी पहिल्या दोन गोष्टींवर हवामानाची सत्ता चालते. पाऊस लवकर ओसरला व हवा तापली की पाने लवकर झडतात. परंतु भूजल खोल गेले असेल तर नवी पालवी लांबते आणि झाड अधिक दिवस निष्पर्ण राहते. उलट माघ-फाल्गुनात अवकाळी पाऊस झाला तर काही झाडे अवेळी फुटतात. ज्या जाती दिनमानाशी बांधलेल्या आहेत त्या फारशा हलत नाहीत. आंब्याची गोष्ट आणखी वेगळी. त्याला मोहोरासाठी सौम्य थंडी हवी असते. ती न मिळाल्यास मोहोराच्या जागी पालवी येते, हे कोकणातील बागायतदार चांगले जाणतात.

हवामानातील बदल आपल्या प्रदेशातही नोंदला गेलेला आहे. पुण्याच्या उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी संपादित केलेल्या, केंद्रीय पृथ्वी विज्ञान मंत्रालयाच्या २०२० च्या अहवालानुसार, १९०१ ते २०१८ या काळात भारताचे सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशाने वाढले. कमाल तापमानाच्या सरासरीने २०२२ चा मार्च हा १९०१ पासूनच्या नोंदींतील तोवरचा सर्वांत उष्ण मार्च ठरला. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये महाराष्ट्रात झालेली गारपीट तर अनेकांच्या स्मरणात असेल.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. एखाद्या वर्षी पळस लवकर फुलला म्हणजे हवामान बदलले, असे म्हणता येत नाही. शेजारी उभ्या असलेल्या दोन पळसांतही आठ-दहा दिवसांचे अंतर असू शकते. अनेक झाडांच्या अनेक वर्षांच्या नोंदींवरूनच दिशा ठरवता येते. दुसरे असे की, सर्व जाती सारख्या प्रमाणात सरकत नाहीत. काही अलीकडे येतात, काही लांबतात, काही जागच्या जागी राहतात. त्यामुळे जुन्या यादीतील प्रत्येक महिना पंधरा दिवसांनी मागे घेतला की काम झाले, असा सोपा उपाय येथे चालणार नाही.

शास्त्रकारांनी काळ कसा सांगितला आहे?

या ठिकाणी संहितांकडे पुन्हा वळावेसे वाटते. चरकाचार्यांनी कल्पस्थानाच्या पहिल्या अध्यायात वर्षा व वसंत ऋतूंत शाखा व पाने घ्यावीत असे सांगितले. परंतु ती नुकतीच फुटलेली असावीत, ही अट घातली. मुळे ग्रीष्मात किंवा शिशिरात घ्यावीत असे सांगताना पाने झडून गेलेली असावीत वा पूर्ण पक्व झालेली असावीत, अशी झाडाची अवस्थाही सांगितली. साल, कंद व क्षीर शरदात, सार हेमंतात, आणि फुले-फळे ज्याच्या त्याच्या ऋतूत घ्यावीत असे म्हटले. त्याच अध्यायात मदनफळाचा म्हणजे गेळफळाचा विधी येतो. वसंत व ग्रीष्म यांच्या मधला काळ आणि नक्षत्रेही तेथे दिली आहेत. तरीही त्यापाठोपाठ फळ पक्व असावे, हिरवे नसावे, पांडुवर्ण असावे, किडके नसावे, अशी लक्षणे सांगितली आहेत. आरग्वधाच्या शेंगा फलकाली आणि परिपक्व झालेल्याच घेऊन, सात रात्री वाळूत ठेवून मग वाळवाव्यात, असे आठव्या अध्यायात आहे. तेथे महिन्याचे नाव नाही.

सुश्रुताचार्यांनी भूमिप्रविभागाच्या अध्यायात एक मतांतर नोंदवले आहे. मूळ, पत्र, त्वचा, क्षीर, सार व फल ही अनुक्रमे प्रावृट्, वर्षा, शरद, हेमंत, वसंत व ग्रीष्म ऋतूंत घ्यावीत, असे काही आचार्य म्हणतात. सुश्रुत ते मान्य करीत नाहीत. सौम्य द्रव्ये सौम्य ऋतूत व आग्नेय द्रव्ये आग्नेय ऋतूत घ्यावीत, असा तत्त्वाधिष्ठित विचार ते मांडतात. ठरावीक कोष्टकाविषयीची ही असहमती लक्षणीय आहे.

त्याहून महत्त्वाची गोष्ट सूत्रस्थानाच्या सहाव्या अध्यायात आहे. तेथे वसंताची ओळख केवळ महिन्यांच्या नावांनी करून दिलेली नाही. पळस, कमळ, बकुळ, आंबा, अशोक यांचा बहर, दक्षिणेचा वारा आणि नव्या पालवीची झळाळी अशी सृष्टीतील लक्षणे सांगून वसंत ओळखावयास शिकवले आहे. म्हणजे पालवी फुटणे ही वसंतात घडणारी एक घटना आहे, इतकेच नव्हे, तर वसंत आला हे ओळखण्याची ती खूणही आहे.

महिना हा आधार किती सैल आहे, हे पंचांगावरूनही दिसते. २०२३ साली गुढीपाडवा २२ मार्चला आला, २०२४ साली ९ एप्रिलला. एकाच चैत्र प्रतिपदेत अठरा दिवसांचे अंतर पडले. कडुनिंबाचे झाड तिथी पाहत नाही. ते ओल, ऊब आणि सूर्य पाहते. सबब, शास्त्रातील ऋतुनाम आणि वनस्पतीचे लक्षण यांत विसंगती दिसली, तर लक्षणाला प्राधान्य द्यावे, असे माझे मत आहे, आणि ते शास्त्रविरोधी नसून शास्त्रानुकूल आहे.

ऋतुव्यापत्तीचा विचारही आचार्यांना नवा नव्हता. विमानस्थानातील जनपदोद्ध्वंसनीय अध्यायात, कांपिल्य नगरीजवळ गंगातीरी, भगवान आत्रेय अग्निवेशास सांगतात की ऋतूंत विकृती दिसू लागली आहे, लवकरच भूमी औषधींना यथायोग्य रस, वीर्य, विपाक, प्रभाव देणार नाही. तेव्हा त्यापूर्वीच औषधे संग्रहित करा. द्रव्याची कार्यक्षमता ऋतूच्या स्वास्थ्यावर अवलंबून आहे, ही त्यामागील दृष्टी आज अधिकच प्रस्तुत ठरते.

संग्रहावर होणारे परिणाम

मुळे : नवी पालवी फुटते तेव्हा अन्न तयार करणारी पाने झाडावर नसतात. पहिला सारा खर्च मुळांत व खोडात साठलेल्या पिष्टातून होतो. पानगळीपासून डोळा फुटेपर्यंतचा काळ हा मूळ भरलेले असण्याचा काळ होय. शिशिरातील मूळसंग्रहामागील हे तत्त्व मानले, तर पालवी अलीकडे सरकताच हा काळही अलीकडे संपतो. माघअखेरीस खणावयाचे म्हणून थांबलेल्या संग्राहकाच्या हाती तोवर खर्च होऊ लागलेले मूळ येण्याचा संभव असतो. दशमुळांच्या बाबतीत प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. शिवण साधारणतः फाल्गुनाच्या आसपास निष्पर्ण होऊन फुलते व मग पालवते, बेलाची जुनी पाने त्यानंतर झडतात, तर टेटू पावसाच्या तोंडाशी फुटतो. एकाच महिन्यात, एकाच खेपेत आणलेली बृहत्पंचमुळे सर्वच्या सर्व योग्य अवस्थेत असणे कठीण आहे.

गुळवेल : शिशिरात पाने झडून वेल निष्पर्ण होते आणि उन्हाळ्यात पुन्हा पालवते. गुळवेलसत्त्व हे प्रायः पिष्टच असल्याने पालवीनंतर त्याचा उतारा कमी पडणे तर्काला धरून आहे. हे कोणत्याही औषधालयात सहज पडताळता येईल. एकाच वेलीची, सारख्याच जाडीची कांडे पालवीपूर्वी व पालवीनंतर समान वजनाने घेऊन सत्त्वाचे वजन नोंदवावे.

कोवळी पाने : नवी पालवी पुष्कळदा तांबूस असते. हा रंग अँथोसायनिनांचा. कोवळ्या व जून पानांत कषाय द्रव्यांचे प्रमाण बरेच भिन्न असते. ही कोवळी अवस्था थोडे दिवसच टिकते, आणि उष्णता वाढली की पान लवकर जून होते. चैत्र सरत आला म्हणून कोवळी पाने मिळतीलच, असे गृहीत धरता येत नाही.

साल : पालवी फुटताना सालीखालचा स्तर कार्यरत होतो व साल सहज सुटते. त्यामुळे संग्राहकाला अर्जुन, कुडा, अशोक यांची साल या काळात काढणे सोपे जाते. शास्त्र मात्र शरद सांगते. ऐन पालवीत सोललेले झाड दुहेरी ताणाखाली येते. सोय आणि शास्त्र यांतील हा विरोध आपण मागणी कोणत्या काळात नोंदवतो, यावरच मिटू शकतो.

फुले : धायटीच्या फुलांवर आपले आसवारिष्ट अवलंबून आहेत. तिच्या फुलांतील कषाय द्रव्य, मध आणि त्यावर वसणारे किण्वकणू यांचा संधानात सहभाग असतो. बहरावर अवकाळी पाऊस पडल्यास हे सारे धुऊन जाते आणि ओली फुले बुरशीला बळी पडतात. अशा वर्षी संधान उशिरा सुरू झाले, तर दोष केवळ गुळाला किंवा भांड्याला देऊन चालणार नाही.

कंद : मुसळी, शतावरी, कळलावी यांचे कोंब ओलीने जागे होतात. वळवाचा पाऊस लवकर व भरपूर झाला तर कोंब लवकर फुटतात. मग उन्हाचा तडाखा बसला तर ते सुकतात आणि कंदातील साठा वाया जातो. लागवड करणाऱ्यांना हे ध्यानात ठेवावे लागेल.

काय करता येईल?

पहिली गोष्ट, आपल्या खरेदीच्या यादीत महिन्याच्या रकान्याशेजारी लक्षणाचा रकाना घालावा. 'शिवणमूळ : माघ' याऐवजी 'शिवणमूळ : पाने झडल्यावर, डोळे फुगण्यापूर्वी' असे लिहावे. 'बहावा शेंग : काळी व पक्व झालेली' असे लिहावे. संग्राहकाला हे महिन्यापेक्षा लवकर समजते, कारण तो झाडाजवळ असतो.

दुसरी गोष्ट, प्रत्येक पोत्यासोबत संग्रहाची तारीख, गाव आणि त्या वेळी झाडावर जुनी पाने, नवी पालवी, फुले यांपैकी काय होते, एवढी माहिती मागावी. जागतिक आरोग्य संघटनेने २००३ साली औषधी वनस्पतींच्या लागवड व संग्रहाविषयी प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूत्रांतही अशा नोंदींवर भर आहे. भ्रमणध्वनीवर काढलेले झाडाचे एक छायाचित्र पुरेसे आहे.

तिसरी गोष्ट, भारतीय आयुर्वेदिक औषधिकोशात सांगितलेल्या जलविलेय व मद्यविलेय सत्त्वाच्या परीक्षा आपण करतोच. त्यांचे निष्कर्ष संग्रहाच्या अवस्थेसह नोंदवावेत. मूळ पिष्टाने भरलेले असले म्हणजे कार्यकारी घटकही अधिकच असतील, असे प्रत्येक द्रव्याच्या बाबतीत सांगता येत नाही. तर्काने निघालेला निष्कर्ष प्रयोगशाळेत तपासल्यानंतरच स्वीकारावा.

चौथी गोष्ट सर्व वैद्यांसाठी. आपल्या चिकित्सालयाच्या परिसरातील पळस, कडुनिंब, बहावा, हिरडा आणि गुळवेल यांची प्रत्येकी दोन झाडे निश्चित करावीत. माघापासून ज्येष्ठापर्यंत आठवड्यातून एकदा, त्याच वारी, तीच झाडे पाहावीत. पाने पूर्ण झडल्याचा दिवस, पहिला डोळा उघडल्याचा दिवस, निम्मे झाड पालवल्याचा दिवस, पहिले फूल, आणि त्या आठवड्यातील पाऊस एवढेच लिहावे. 'सीझनवॉच' या देशव्यापी उपक्रमात शाळकरी मुलेसुद्धा अशा नोंदी करतात. इंग्लंडमध्ये रॉबर्ट मार्शम या जमीनदाराने १७३६ साली घरच्या परिसरात वसंताच्या खुणा टिपण्यास आरंभ केला आणि त्याच्या वंशजांनी ते काम विसाव्या शतकापर्यंत चालवले. त्या वहीचा उपयोग आजचे शास्त्रज्ञ करतात. कोकण, देश, मराठवाडा, विदर्भ व गोवा येथील वैद्यांनी एकाच पद्धतीने पाच-सात वर्षे नोंदी ठेवल्या, तर आपल्या प्रदेशाचा संग्रहकाल आपल्याच निरीक्षणातून उभा राहील. वासंतिक वमनासाठी ऋतू ओळखतानाही हीच दृष्टी उपयोगी पडेल.

समारोप

पालवीचा काळ थंडी, ऊब, ओल आणि दिनमान यांच्या मेळातून ठरतो. हवामान बदलले की हा मेळ बदलतो, आणि तो प्रत्येक जातीत वेगळ्या प्रकारे बदलतो. म्हणून महिन्यांची कोणतीही नवी यादी जुन्या यादीइतकीच लवकर कालबाह्य होईल. आचार्यांनी ऋतूबरोबर अवस्था सांगितली, ती याच कारणाने मोलाची आहे. औषध परिणामकारक ठरले नाही की आपण निदान, मात्रा, अनुपान यांचा फेरविचार करतो. त्या यादीत आणखी एका प्रश्नाची भर घालावी : हे द्रव्य झाडावरून किंवा जमिनीतून निघाले, तेव्हा झाडाचे डोळे मिटलेले होते की उघडलेले? याचे उत्तर पुरवठादाराकडून मिळू लागेल, त्या दिवसापासून आपल्या कल्पांची गुणवत्ता आपल्या हाती अधिक राहील.